खोट्या गाडीतली साक्ष

घरातल्या मसलती वर, दिवाणखान्यात करायच्या ही आबांच्या वेळेपासूनची रीत. पण धाकट्या सुनेचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, वर जायचा जिना तिला परका झाला, आणि तेव्हापासून सगळं घरच खाली उतरलं. खाली म्हणजे आबांनी काढलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात. एका भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, दुसरीवर काळा फळा आणि त्यावर पांढऱ्या रंगाने कायमचा रंगवून ठेवलेला चौक, टेबलावर पोट फाडून ठेवलेली गिअरपेटी. इतकी वर्षं इथे परकी माणसं घाम पुसत बसायची. आता घरचीच माणसं शिकाऊंच्या बाकांवर बसून एकमेकांची तोंडं पाहत होती.

रविवार होता, शाळेला सुट्टी होती, आणि विमा कंपनीने दिलेली मुदत उद्या संपत होती.

कंपनी त्या ट्रकची. टायर फुटला म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या पट्ट्यातच सोडली आणि तो दुसरा टायर आणायला निघून गेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चार दगड मांडलेले नाहीत की झाडाची फांदी खोचलेली नाही. ऐन तिन्हीसांजेची वेळ. धाकटी गाडी चालवत होती, शेजारी नवऱ्याची आत्या होती. गाडी डावीकडच्या मातीत उतरता उतरता ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली आणि धाकटीच्या बाजूचा पत्रा आत घुसला. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की चाकांच्या खुणा डावीकडे गेल्यात, उजवीकडे अख्खा रस्ता मोकळा होता. मग बाईंनी गाडी डावीकडे का घातली? वेग जास्त असेल, नाहीतर लक्ष फोनमध्ये असेल. तेव्हा अर्धी चूक त्यांनी लेखी मान्य करावी, उरलेल्या अर्ध्याची भरपाई लगेच घ्यावी, आणि विषय मिटवावा.

मोठे दीर फळ्यापाशी उभे राहून बोलत होते. शाळेची कचेरी त्यांच्याकडे, त्यामुळे उभं राहून बोलायची त्यांना सवय आणि ते उठले की घड्याळाकडे बघायची थोरल्या जावेला सवय. त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं. कोर्टात वर्षं जातात, धाकटीला पाय आत्ता हवाय, हातची भाकरी सोडून पळत्याच्या पाठीस का लागायचं? शेवटी त्यांनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वाक्य टाकलंच.

"आपण शहाणे कधीपासून झालो?" थोरली म्हणाली.

बाकावर बसलेल्या वकीलबाई हसल्या. त्याही याच वर्गात गाडी शिकलेल्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा आत्याने त्यांची सगळ्यांदेखत हजेरी घेतली होती. आता नावापुढे वकिली लागली तरी आत्या त्यांना अगं-तुगंच करायची. आजही आल्याआल्या, गाडी फाटकासमोर तिरकी लावलीस म्हणून ऐकवलं होतं.

वकीलबाईंनी सगळ्या वाटा पुन्हा एकदा समजावून सांगितल्या. पोलिसांनी ट्रकच्या ड्रायव्हरवर घातलेला खटला वेगळा, तो त्याच्या चालीने चालेल; त्यात त्याला शिक्षा झाली तरी धाकटीच्या हातात काही पडत नाही. भरपाईचा दावा ट्रकच्या मालकावर आणि विमा कंपनीवर. त्यात गेलेली कमाई येते, उपचार येतात, सोसलेलं दुःखही येतं, आणि मुख्य म्हणजे कृत्रिम पाय येतो. तो पाय काही जन्माला पुरत नाही, दर काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून पुढचा खर्चही आजच मागायचा असतो. तडजोडीवर सही झाली की मागणं संपलं. उद्या जखम चिघळली, पाय अजून वर कापावा लागला, तरी दार बंद. शिवाय अर्धी चूक एकदा कागदावर आली की परवाना देणारं खातं तिला शिकवायचा परवाना पुन्हा देणार नाही.

ही शेवटची गोष्ट सगळ्यांना लागली. आत्यानंतर शाळा धाकटीची, हे घरात कधीच ठरून गेलं होतं. हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवता येणारी गाडी बनवून घ्यायची, त्यात बसून तिने शिकवायचं, ही कल्पनाही आत्याचीच. हॉस्पिटलात धाकटी भिंतीकडे तोंड करून पडायची तेव्हा आत्या त्या गाडीबद्दल बोलत बसायची. त्या बोलण्यानेच धाकटी पुन्हा जेवायला लागली होती.

"अर्धी चूक," आत्या म्हणाली. "कुणाची? हिची?"

गावात तिला ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो ब्रेकबाईंच्या पायाखाली असला की यमसुद्धा रस्त्याच्या कडेला थांबतो, असं शिकाऊ एकमेकांना सांगत. साठी उलटली तरी कंबर ताठ होती. लग्न केलं नव्हतं. भाऊ-भावजय लवकर गेले तेव्हा दोन्ही पुतण्यांना तिनेच वाढवलं. तिच्या हाताखाली शिकताना एका माणसाला कधी खरचटलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच्या तोंडाने सांगत नसे. तिला सांगावंच लागत नसे.

आता मात्र ती सांगत सुटली. रस्त्यावर चार चोर असतात हे ती पहिल्याच दिवशी शिकवते: घाई, झोप, दारू आणि फोन. यातला एक तरी चोर त्या दिवशी गाडीत होता का? घाई कसली, दोघी घरी परतत होत्या. झोप नाही. दारूचं नाव नको. आणि फोन मागच्या सीटवर पिशवीत होता. चोर गाडीत नव्हताच, चोर रस्त्यात उभा होता, आणि आता तोच चोर पोलीस पाटलाच्या थाटात पंचनामा करायला निघालाय. ती लढणार. या घरातलं कुणी आलं नाही तरी ती एकटी लढणार.

धाकटीने मान खाली घातली. आत्या अशी तिच्या बाजूने उभी राहिली की तिला हल्ली श्वास घ्यायला जड जायचं.

कारण तिला आठवत होतं. डॉक्टरांना तिने काही आठवत नाही म्हणून सांगितलं, पोलिसांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. पण तिला सगळं स्वच्छ आठवत होतं. अंधुक उजेडातून अचानक भिंतीएवढा काळा ट्रक उगवला. तिने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग उजवीकडे वळवायला घेतलं. समोरून एका मोटरसायकलचा दिवा येत होता, तोही तिला दिसला, आणि मधून निसटता येईल असं तिला वाटलं. तेवढ्यात डावीकडून एक हात आला आणि त्याने स्टिअरिंग खाली, डावीकडे ओढलं. कसलेला, जोरकस हात. शिकाऊ माणूस बिचकला की रस्त्याच्या मधोमध सरकतो, आणि आत्या आयुष्यभर अशा माणसांना एका हाताने कडेला ओढून घेत आली होती. तो हात कधी विचारून पुढे आला नव्हता. त्या दिवशीही आला नाही.

आणि आत्याला ते माहीत नव्हतं, ना हात ना मोटरसायकल. ती लपवत असती तर धाकटीला सोपं गेलं असतं. आत्याला आठवत होता तो पाय. हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची की माझा पाय ब्रेक शोधत होता हो, घरची गाडी, तिथे ब्रेकच नव्हता. असता तर माझ्या पोरीचा पाय गेला नसता. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बिनब्रेकाच्या पत्र्यावर दाबलेल्या पायासाठी ज्या बाईला रडू येतं, तिला हाताचं कुठल्या तोंडाने सांगायचं? धाकटीने ते गिळलं होतं. मोटरसायकलचंही गिळलं, कारण ती सांगितली की उजवीकडचं वळण सांगावं लागलं असतं, आणि मग डावीकडचा हात. म्हणूनच कंपनीला उजवीकडचा रस्ता मोकळा दिसत होता.

"घेऊन टाकू," कोपऱ्यातून नवरा म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं तसा तो गिअरपेटीच्या दातांवरून बोट फिरवत राहिला. त्याला लढायचं नव्हतं. कोर्टात फोनचा हिशोब निघेल, आणि त्या संध्याकाळी, नेमक्या त्याच वेळी त्याने बायकोला फोन केला होता. दूध आणायची आठवण करायला. ती म्हणते फोन पिशवीत होता, वाजलाही नाही. पण ती आपल्याला सांभाळून घ्यायला तसं म्हणते, अशी त्याची खात्री होती, आणि ती खात्री घेऊन तो रोज तिच्या जखमेची पट्टी बदलत होता.

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. हा विनाकारण जळतोय, हे तिला इतके दिवस कळत होतं. आपण एकीला वाचवायला दुसऱ्याला आगीत उभं केलंय, हे मात्र तिने स्वतःशी कधी असं सरळ म्हटलं नव्हतं. आता म्हणावं लागलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, ते निघून गेलं.

"मी सही करते," ती म्हणाली.

आत्याने बाकावर हात आपटला. मोठे दीर सुटल्यासारखे खुर्चीवर बसले. वकीलबाईंनी मात्र पेन काढलं नाही. सही करणं न करणं तुमच्याच हातात आहे, त्या शांतपणे म्हणाल्या, पण मला एकदा कळू द्या. डावीकडे का?

"घाबरले," धाकटी म्हणाली. हे उत्तर तिने पाठ केलं होतं.

"खोटं," आत्या म्हणाली. "ही घाबरत नाही. हिला मी शिकवलंय. शंका आली की डावीकडे, हा आबांचा धडा. तिने धडा पाळला, चूक कसली?"

वकीलबाईंनी मान हलवली. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, आत्या, त्या दिवशी तुमचं मनगट मोडलं होतं ना? उजवं? आत्या म्हणाली, हो, कुठेतरी आपटलं असेल, आता बरं आहे, पोळ्या लाटता येतात. त्याचं काय एवढं. वकीलबाई म्हणाल्या, काही नाही. पण त्यांची नजर आत्याच्या मनगटावरून उठली आणि धाकटीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. विषय बदलायला तिने थोरलीकडे चहा मागितला.

चहा राहिला बाजूला. आत्या उठली होती. तोंडाच्या वाफा पुरे झाल्या, वकीलबाईंना म्हणाली, दाखवतेच तुला काय झालं ते. चल ग धाकटे, बस खोट्या गाडीत.

खोटी गाडी वर्गाच्या मागच्या बाजूला होती. आबांनी भंगारातल्या मोटारीच्या पुढच्या दोन सीटा, स्टिअरिंग आणि पायातले तीन दांडे आणून लाकडी चौकटीवर बसवले होते. खऱ्या गाडीत पाय टाकण्याआधी प्रत्येक शिकाऊ तिच्यात बसायचा. घरातली सगळी पोरं तिच्यातच तोंडाने इंजिनाचे आवाज काढत मोठी झाली. लग्न होऊन आलेल्या धाकटीला, सायकलसुद्धा न येणाऱ्या धाकटीला, आत्याने पहिल्याच आठवड्यात तिच्यात बसवलं होतं. स्वयंपाकघर कुठे पळून जात नाही, आधी हे शीक, म्हणाली होती. या घरात आपल्याला जागा आहे असं धाकटीला पहिल्यांदा वाटलं ते त्या फाटक्या सीटवर.

आता ती नको म्हणाली. पाय दुखतोय म्हणाली, उद्या बघू म्हणाली. आत्या ऐकेना. शेवटी वकीलबाईच म्हणाल्या, बसा, काही होत नाही. नवऱ्याने कुबड्या धरल्या, थोरलीने आधार दिला, आणि धाकटी स्टिअरिंगमागे बसली. शेजारी आत्या बसली, पदर सावरून, शिकवायला बसावं तशी.

धाकटीने मनाशी पक्कं केलं. हात हलू द्यायचे नाहीत. सांगताना सरळ सांगायचं की ट्रक दिसला आणि मी डावीकडे घेतलं, आणि मगच स्टिअरिंग डावीकडे वळवायचं. एवढं केलं की झालं.

वकीलबाई समोर उभ्या राहून विचारत गेल्या. वेग किती असेल? बेताचा. उजेड? जात आलेला. बोलत होतात का? आत्या म्हणाली, हो, थोरलीच्या भाचीच्या लग्नाचं बोलत होतो, म्हणजे मीच बोलत होते. थोरली म्हणाली, तुम्हीच बोलत असणार. मोठे दीर हसले. नवराही हसला. धाकटीचे हात स्टिअरिंगवर होते, आणि तो गुळगुळीत झालेला गोल हाताला लागला तसा रस्ता तिच्यासमोर यायला लागला. पुलाचा उतार गेला. वीटभट्टी गेली. तिला थांबायचं होतं आणि ती सांगत राहिली. मग वळण, मग सरळ रस्ता, मग ट्रक.

तिने ट्रक म्हटलं आणि तिचा उजवा पाय, नसलेला उजवा पाय, दाबला गेला. मांडी ताठ झाली. हात उजवीकडे निघाले. तिने निघू दिले नाहीत, ते निघाले.

"समोर बघ, मोटरसायकल," आत्या म्हणाली, आणि तिचा हात आला.

एका फटक्यात स्टिअरिंग डावीकडे फिरलं. लाकडी चौकट कुरकुरली. मग सगळं थांबलं तेव्हा धाकटीचे दोन्ही हात उडून मांडीवर पडले होते आणि स्टिअरिंगवर एकच हात उरला होता. आत्याचा, उजवा, मनगटात किंचित वाकडा जुळलेला.

आत्या हाताकडे पाहत होती. तिने तो काढला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं, आपला चष्मा आपल्याच कपाळावर सापडावा तेवढंच. मग ते गेलं आणि चेहरा म्हातारा झाला.

"हे त्या दिवशी पण?" तिने विचारलं.

अजूनही खोटं बोलता आलं असतं. धाकटीने तोंड उघडलं, पण खोटं आलं नाही.

"हो, आत्या."

"तुला ठाऊक होतं."

"शुद्धीवर आले तेव्हापासून."

नवऱ्याच्या हातातली एक कुबडी खाली पडली. फोन नव्हता, हे त्याला कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर जो सुटकेचा श्वास आला तो अर्ध्यावरच अडकला. ज्या हाताने त्याला भरवलं, अंघोळ घातली, सायकल धरून पळवलं, तो हात त्याच्यासमोर होता. तो खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. आत्याने त्याला हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

मोठे दीर सगळ्यांत आधी सावरले. झालं ते या चार भिंतींत झालं, ते म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तर सहीच बरी. आत्याचं नाव राहील, शाळेचं राहील. मघाशी ते पैशासाठी सही मागत होते, आता आत्यासाठी मागत होते, आणि या दुसऱ्या मागणीत त्यांचा आवाज फुटला. आत्याशिवाय त्यांनाही आई नव्हतीच.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," थोरली म्हणाली. एरवी ती नवऱ्याला चिमटे काढायची. हे तिने चिमटा न काढता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. ही पोर आयुष्यभर अर्धी चूक घेऊन फिरेल आणि आपण जेवायला बसू, ते आपल्याच्याने होईल का?

वकीलबाई बाकावर येऊन बसल्या. त्यांनी सांगितलं ते सगळे कान देऊन ऐकत होते, पाठमोरा नवरासुद्धा. समोर अचानक मरण उभं राहिलं की माणसाने कोणत्या बाजूला उडी मारली, याचा जाब कायदा सहसा त्याला विचारत नाही. ते मरण तिथे आणून कुणी ठेवलं, हे विचारतो. उजवीकडे मोटरसायकल होती, समोर बिनदिव्याचा ट्रक होता. म्हणजे रस्ता मोकळा नव्हताच, कंपनीचा मुख्य मुद्दाच लंगडा पडतो. ती मोटरसायकल शोधू, वीटभट्टीवर विचारू. पण खात्री देता येणार नाही. न्यायाधीश थोडा दोष आत्यांच्या हाताला लावू शकतात. म्हणूनच झालं ते जसंच्या तसं आधी आपणच सांगायचं. आणि त्यासाठी आत्यांना साक्षीला उभं राहावं लागेल. उलटतपासणी होईल. बाई, तुमच्या सुनेचा पाय तुम्हीच घालवलात ना, असं भर कोर्टात विचारतील, आणि ऐकायला निम्मं गाव असेल, तुम्हीच गाडी शिकवलेलं.

"देईन," आत्या म्हणाली. लगेच म्हणाली. मग एकदा सुरू झाली ती थांबेना. साक्ष देईन, उद्याच देईन. शाळेची पाटी उतरवा. माझा परवाना मी स्वतः नेऊन परत करते. मी वरच्या मागच्या खोलीत राहीन, कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही. माझ्या वाटणीचं जे आहे ते हिच्या नावावर करा.

धाकटी ऐकत होती. गेले कित्येक महिने तिला वाटत होतं, आत्याला कळलं तर तिचं काळीज फुटेल आणि आपल्याला ते बघवणार नाही. प्रत्यक्षात आत्याला कळलं, आणि तिच्या आत वर आलं ते वेगळंच. राग. इतका राग, की तिला स्वतःचीच ओळख पटेना. रात्र रात्र नसलेली बोटं ठणकायची तेव्हा तिने हा राग उशीखाली दाबला होता. आत्याने भरवलेल्या प्रत्येक घासाबरोबर गिळला होता. तो कुठेही गेला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "आत्या, थांबा. पाय माझा गेलाय."

आत्या थांबली.

"तेव्हा मला विचारलं नाहीत. मी गाडी चालवत होते आणि तुम्ही हात घातलात. आता माझा दावा आहे आणि त्यातही तुम्हीच ठरवताय, पाटी उतरवायची, खोलीत जाऊन बसायचं. मी काय करायचं? तुमची समजूत काढायची? इतके दिवस तेच केलं मी. पट्टी बदलताना ओरडले नाही, तुम्हाला ऐकू जाईल म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "मी घाबरले नव्हते. मी उजवीकडे चालले होते. निसटले असते, नाहीतर त्या मोटरसायकलवाल्याला उडवलं असतं. काय झालं असतं मला ठाऊक नाही. मला ते कधीच ठाऊक होणार नाही, याचा मला राग येतो."

असं या घरात आत्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. मोठ्या दिरांनी मध्ये पडायला तोंड उघडलं, थोरलीने त्यांच्या खांद्यावरचा हात दाबला. खिडकीपाशी नवरा वळला होता. तो बायकोकडे असा पाहत होता, जणू ती आत्ता कुठे त्या अपघातातून बाहेर आली.

धाकटीने पदराने तोंड पुसलं आणि वकीलबाईंना सांगितलं, सही करायची नाही. दावा लढायचा. झालं ते सगळं सांगायचं, माझं उजवीकडचं आणि यांचं डावीकडचं, दोन्ही. मोटरसायकल सापडली तर तो माणूस काय सांगेल ते सांगू दे. आत्या साक्ष देतील. आणि पाटी राहील. कोर्टातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारख्या वर्गावर येतील, मग लोक काय बघायचं ते बघोत. माझी गाडी तयार झाली की मला शिकवायला दुसरं कोण आहे?

वकीलबाईंनी कंपनीचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. उद्या सकाळी नकार कळवते, म्हणाल्या. थोरली चहा टाकायला वर गेली. मोठे दीर तिच्या मागोमाग गेले. चहा कसा टाकतात हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण खाली थांबवेना. नवऱ्याने पडलेली कुबडी उचलली, खोट्या गाडीला टेकवून ठेवली, आणि धाकटीच्या बाजूला जमिनीवरच बसला. आत्याकडे त्याने अजून पाहिलं नव्हतं.

दोघी तशाच शेजारी शेजारी बसल्या होत्या. सीटमधला काथ्या बाहेर आलेला होता, तो आत्या बोटाने आत ढकलत होती. बराच वेळ ढकलून झाल्यावर तिने विचारलं,

"मला माफ केलंस का ग?"

हो म्हणणं सोपं होतं. धाकटीने आजवर हो म्हणूनच दिवस काढले होते.

"अजून नाही, आत्या," ती म्हणाली.

आत्याने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गात असायचा तसाच होता.

"बरं," ती म्हणाली. "घाई करू नकोस."